जुन्या खुनाचा तपास पुन्हा सुरू करायचा असेल तर: नाशिकच्या कुटुंबांसाठी

सिन्नरकडचे एक आजोबा मागच्या पावसाळ्यात माझ्या घरी आले. मुलाचा खून होऊन बरीच वर्षं झालेली, मारणारा कधीच सापडला नाही. हातात कॅलेंडरचं फाटकं पान, त्यावर पेनानं गिरवलेला गुन्हा नंबर. ‘‘आता काही होईल का, साहेब?’’ मी विचारलं, ‘‘बाबा, त्याच्या अंगावरचा शर्ट कुठे आहे?’’ ते माझ्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

मी पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं एका ठाण्यात मुद्देमाल कारकून होतो. ठाण्याचं नाव इथे सांगत नाही. त्या खोलीत बसून एक गोष्ट कळली: साक्षीदार म्हातारे होतात, साहेब बदलून जातात, तरी गुन्हा उभा राहू शकतो. मुद्देमाल, म्हणजे गुन्ह्यात जप्त केलेल्या वस्तू, गेला की मात्र त्याचे पायच जातात. बहुतेक घरची माणसं आधी आमदाराकडे जातात, मग वर्तमानपत्राकडे, आणि मुद्देमालाची आठवण सगळ्यात शेवटी येते. क्रम उलटा हवा. आधी मुद्देमाल वाचवा, मग कागद गोळा करा, त्यानंतर अर्ज.

फाईल बंद झाली म्हणजे नेमकं काय झालं

खुनाला मुदत नसते. दखल घेण्याची कालमर्यादा आपल्या कायद्यात फक्त तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना आहे. खून, बलात्कार, दरोडा, खंडणीसाठी अपहरण यांत ‘आता फार उशीर झाला’ असं कुणी म्हटलं, तर ते कायद्याचं बोलणं नव्हे.

महाराष्ट्रात आरोपी मिळाला नाही की पोलीस कोर्टात समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवतात. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण उघडकीस आला नाही. ‘ब’ समरी म्हणजे फिर्याद खोटी. ‘क’ समरी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून दाखल झालेला गुन्हा. तुमच्या घरच्या प्रकरणात कुठलं अक्षर आहे ते आधी बघा. ‘अ’ असेल तर गुन्हा घडला हे खुद्द पोलिसांनीच कोर्टाला लिहून दिलेलं आहे आणि कोर्टानं ते मान्य केलेलं आहे. पुढचा तपास करायला दार उघडं आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम 173(8) होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते 193(9) आहे. अर्जात दोन्ही लिहा, म्हणजे टेबलामागचा माणूस कलमावरून परत पाठवणार नाही. गुन्ह्याचं कलम मात्र घटनेच्या वेळचंच राहतं. 2006 चा खून आजही भारतीय दंड संहितेच्या 302 खालीच चालेल, नव्या न्याय संहितेच्या 103 खाली नाही.

आरोपी माहीत आहे पण फरार आहे, असं असेल तर तुमचा रस्ता वेगळा. तिथे तपास उघडण्याचा प्रश्नच नसतो. दोषारोपपत्र झालं आहे का, त्याला जाहीर फरारी घोषित केलं आहे का, त्याच्या गैरहजेरीत साक्षी नोंदवल्या आहेत का, एवढं कोर्टातून काढा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 356 प्रमाणे जाहीर फरारी आरोपीचा खटला आता त्याच्या गैरहजेरीतही चालवता येतो. म्हाताऱ्या साक्षीदारांची साक्ष ते आहेत तोवर नोंदवून घ्या, असा आग्रह सरकारी वकिलांकडे धरा.

पहिलं काम: नंबर आणि ठाणं

गुन्हा रजिस्टर नंबर, वर्ष आणि ठाणं या तीन गोष्टींशिवाय पुढे काही हलत नाही. नाशिकमध्ये यात एक अडचण हमखास येते. शहर वाढलं तशी ठाण्यांची हद्द फुटत गेली. म्हसरूळ, मुंबई नाका ही ठाणी नंतरची. म्हसरूळच्या मळ्यात घडलेला जुना गुन्हा पंचवटीच्या रजिस्टरात असू शकतो. आज हद्द कुणाची हे विचारू नका. घटनेच्या दिवशी हद्द कुणाची होती ते विचारा. शहराबाहेरचा गुन्हा असेल तर नाशिक ग्रामीण, म्हणजे पोलीस अधीक्षकांकडे. रेल्वे रुळांवर किंवा स्टेशनात घडलेला असेल तर लोहमार्ग पोलिसांकडे. इगतपुरी, नाशिकरोड, मनमाड इथली अनेक कुटुंबं याच घोळात दोन-दोन वर्षं घालवतात.

नंबर सापडत नसेल तर जुन्या वर्तमानपत्राचं कात्रण, शवविच्छेदन अहवालाची प्रत, मृत्यूचा दाखला, यातलं काहीही घेऊन जा. शवविच्छेदनाच्या कागदावर ठाण्याचा आणि अकस्मात मृत्यू नोंदीचा नंबर असतो. जुन्या नाशकात 2008 च्या पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा कित्येकांचे कागद गोदावरीत गेले. अशांनी सिव्हिल हॉस्पिटलच्या अभिलेख विभागापासून सुरुवात करावी.

दुसरं काम: मुद्देमाल कुठे आहे ते शोधणं

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे.

लंडनमध्ये 1993 साली स्टीफन लॉरेन्स नावाच्या तरुणाचा वर्णद्वेषातून खून झाला. तपासाची इतकी हेळसांड झाली की पुढे त्यावर सरकारी चौकशी बसली. संशयितांचे कपडे मात्र जप्त करून ठेवलेले होते. बऱ्याच वर्षांनी नव्या पथकानं ते कपडे नव्या तंत्रानं पुन्हा तपासले, तेव्हा एका जॅकेटच्या कॉलरवर अर्ध्या मिलिमीटरएवढा रक्ताचा ठिपका मिळाला. जानेवारी 2012 मध्ये दोघांना शिक्षा झाली. बचाव पक्षाचा सगळा जोर एकाच मुद्द्यावर होता: इतक्या वर्षांत पिशव्या हाताळताना रक्त इकडून तिकडे गेलं असेल. म्हणजे वस्तू असणं आणि ती कुणाकुणाच्या हातातून गेली याची नोंद असणं, दोन्ही लागतं.

आपल्याकडे जुन्या गुन्ह्याचा मुद्देमाल चार ठिकाणी असू शकतो. ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत. कोर्टाच्या मुद्देमाल विभागात. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत, कारण तपासून झालेली पाकिटं परत न्यायला ठाण्यातून कुणी गेलंच नाही असं घडतं. आणि हॉस्पिटलमध्ये, विशेषतः व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात तपासणीसाठी काढून ठेवलेले अवयवांचे भाग. नाशिकला प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे, पण जुन्या काळी नमुने मुंबईच्या कलिना प्रयोगशाळेतही जात. म्हणून पाठवणीच्या पत्रावर कुठल्या प्रयोगशाळेचं नाव आहे ते बघा.

ठाण्यात गेल्यावर ‘मुद्देमाल आहे का’ असं मोघम विचारू नका. ‘मुद्देमाल पावती नंबर काय, आणि शेवटची नोंद कुठल्या तारखेची’ असं विचारा. मुद्देमाल रजिस्टरात प्रत्येक वस्तू कधी आली, कधी प्रयोगशाळेत गेली, कधी परत आली, कधी निकाली काढली, हे रकान्यांत लिहिलेलं असतं. कारकून चांगला असेल तर पाच मिनिटांत बोट ठेवून दाखवील. मी दाखवत असे. ज्या वस्तूसमोर शेवटचा रकाना कोरा आहे, ती अजून कुठेतरी आहे.

मग त्याच दिवशी एक छोटा अर्ज द्या. ठाण्याच्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना एक, समरी मंजूर केलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात एक. मजकूर एवढाच पुरे:

‘वरील गुन्ह्यात अ समरी मंजूर झाली असून आरोपी अद्याप निष्पन्न नाही. मयताचे कपडे, नखे, केस, रक्ताचे नमुने, घटनास्थळावरून जप्त वस्तू व ठसे पुढील तपासासाठी आवश्यक आहेत. सदर मुद्देमाल न्यायालयाच्या आदेशाशिवाय नष्ट, लिलाव अथवा परत करू नये, तसेच त्याची सद्यस्थिती लेखी कळवावी, ही विनंती.’

पोच घ्या. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

घाई का, तेही सांगतो. मुद्देमाल खोल्या भरून वाहतात. जुन्या समरी गुन्ह्यांतला माल कोर्टाची परवानगी घेऊन निकाली काढण्याच्या मोहिमा निघतात, आणि त्या योग्यही असतात, कारण दुचाक्या आणि भांडी किती काळ सांभाळणार? पण त्या यादीत एखाद्या मयताचा रक्ताळलेला शर्ट ‘जीर्ण कपडे’ म्हणून जातो. माझ्या हातून अशी एक यादी गेली होती. नंतर त्या घरातली बहीण विचारत आली. तिला मी काय सांगितलं ते आजही लिहवत नाही. नव्या संहितेनं तर जप्त मालाचे फोटो, व्हिडिओ काढून लवकर विल्हेवाट लावण्यावर भर दिला आहे. फोटोतून डीएनए मिळत नाही.

आणि एक. वस्तू मिळाली तर ती उघडून बघण्याचा हट्ट करू नका. लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी शाबूत आहे का एवढंच नजरेनं बघा आणि वहीत लिहा. जुन्या काळी कपडे ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत बांधत. आपल्या पावसाळ्यात त्यांना बुरशी लागते. तशी पिशवी दिसली तर तुम्ही हात लावू नका. ती प्रयोगशाळेच्या सल्ल्यानं कागदी पाकिटात घ्यावी, अशी विनंती अर्जात करा.

तिसरं काम: कागद

कोर्टातून समरीच्या संपूर्ण कागदपत्रांची प्रमाणित नक्कल काढा. सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात किंवा तालुका कोर्टात नक्कल विभागात अर्ज करायचा. कोर्टाचं रेकॉर्डही ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतं, त्यामुळे हेही आजच. फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल म्हणजे सीए रिपोर्ट, साक्षीदारांचे जबाब आणि समरीचा मूळ अहवाल, एवढं मिळालं तर खूप झालं. केस डायरी, म्हणजे तपास अधिकाऱ्याची रोजची नोंदवही, मिळणार नाही, ती मागण्यात वेळ घालवू नका.

समरी मंजूर होण्याआधी फिर्यादीला नोटीस मिळाली होती का, ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदीत, तपासा. भगवंत सिंग विरुद्ध पोलीस आयुक्त या 1985 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की तपास बंद करण्याचा अहवाल स्वीकारण्याआधी फिर्यादीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. नोटीस मिळाली नसेल तर तुमच्या वकिलाच्या हातात ठोस मुद्दा आला.

माहिती अधिकाराचा उपयोग मर्यादित पण चांगला आहे. महाराष्ट्रात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. ‘तपासाची प्रत द्या’ असं लिहिलं तर तपासात अडथळा येईल या कारणाखाली नकार येण्याची शक्यता जास्त. त्याऐवजी मुद्देमालाची सद्यस्थिती, समरीची तारीख, त्यानंतर गुन्ह्याचा आढावा कधी घेतला, एवढंच मागा.

चौथं काम: फाईल नव्या डोळ्यांनी वाचणं

आढावा घेणारा चांगला अधिकारी मूळ तपासातल्या चुका मोजत बसत नाही. तेव्हा जे करता येत नव्हतं आणि आज येतं, ते तो शोधतो. तुम्हीही तसंच वाचा. एका वहीत डाव्या बाजूला तेव्हा काय झालं, उजव्या बाजूला आज काय करता येईल.

ठशांपासून सुरू करा. पंचनाम्यात ग्लास, कपाटाचं दार, बाटली, गाडीचा आरसा यांवरून ठसे घेतल्याचा उल्लेख आहे का? त्या काळी ते ठसे मोजक्या संशयितांशी पडताळून बाजूला ठेवले जात. आज ठसे संगणकावर जुळवणारी महाराष्ट्राची अॅम्बिस यंत्रणा आहे, आणि 2022 पासून नाफिस ही देशपातळीवरची ठशांची यंत्रणा सुरू झाली आहे. त्या रात्रीचा अनोळखी माणूस नंतर दुसऱ्या राज्यात चोरीत पकडला गेला असेल, तर त्याचे ठसे तिथे असू शकतात. माझ्या मते सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात मोठी आशा इथे आहे, आणि अर्जात हीच मागणी लोक विसरतात.

डीएनएबद्दल लोकांच्या मनात टीव्हीवरच्या कल्पना असतात. आपल्या देशात गुन्हेगारांची राष्ट्रीय डीएनए नोंदवही नाही. त्यासाठीचं विधेयक 2023 मध्ये लोकसभेतून मागे घेतलं गेलं. म्हणजे शर्टावरच्या डागातून डीएनए मिळाला तरी तो कुणाशी तरी जुळवून बघावा लागतो. संशयित डोळ्यासमोर असेल तिथे तो निर्णायक ठरतो. जुन्या सीए रिपोर्टात शेवटी बरेचदा ‘रक्तगट निश्चित करता आला नाही’ असं वाक्य असतं आणि तिथेच तपास थांबलेला असतो. ते वाक्य तुम्हाला दिसलं तर खाली रेघ ओढा. तेव्हा फक्त रक्तगट बघत होते. त्याच डागातून आज डीएनए काढून बघता येतो.

मोबाईलचे कॉल रेकॉर्ड हा बहुधा बंद दरवाजा आहे. कंपन्यांना ते निदान दोन वर्षं ठेवण्याचं बंधन आहे, त्याआधी ते एकच वर्षाचं होतं. 2009 चे कॉल आज कंपनीकडे शोधायला जाऊ नका. पण तेव्हाच्या तपास अधिकाऱ्यानं मागवलेले कागद फाईलला असतील, तर त्यांतले नंबर पुन्हा बघण्यासारखे असतात.

सगळ्यात मोठा बदल माणसांत होतो. तेव्हा नवऱ्याला घाबरून गप्प बसलेली बाई आज वेगळी राहते. भागीदार भांडून वेगळे झाले. गावचा दादा थकला, त्याची वचक गेली. ज्यांचे जबाब अर्धवट वाटतात, जे साक्षीदार ‘मला काही माहीत नाही’ एवढंच म्हणाले, त्यांची नावं लिहा. समोर ते आज कुठे आहेत, कुणाशी संबंध तुटले, तुम्हाला ठाऊक असेल तेवढंच लिहा. ही माहिती गावातल्या माणसाला असते, बदलून आलेल्या फौजदाराला नसते. तुमचा खरा उपयोग इथे आहे.

माणूस बेपत्ता आहे आणि घातपाताचा संशय आहे, असं असेल तर वेगळी वही करा. कसारा घाट, चांदवडचा राहूड घाट, गंगापूर धरणाचा परिसर, रेल्वेमार्ग, इथे सापडलेले बेवारस मृतदेह वेगवेगळ्या ठाण्यांत, कधी वेगळ्या जिल्ह्यात नोंदलेले असतात. कसारा ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण पोलिसांकडे, इगतपुरी नाशिक ग्रामीणकडे. बेपत्ता झाल्याची तक्रार नाशिक शहरातल्या उपनगर ठाण्यात आणि मृतदेहाची नोंद शहापूर तालुक्यात, अशी गाठ वर्षानुवर्षं पडत नाही. बेपत्ता झाल्यापासूनच्या काळातल्या अकस्मात मृत्यू नोंदी शेजारच्या ठाण्यांतून तपासाव्यात आणि आई, वडील किंवा भावंडाचा डीएनए नमुना घेऊन जतन नमुन्यांशी पडताळावा, अशी नेमकी मागणी करा. नमुना पोलिसांच्या पत्रावरच घेतला जातो. खासगी लॅबमध्ये पैसे घालू नका.

पाचवं काम: अर्ज

दोन पानांपेक्षा मोठा नको. पहिल्या परिच्छेदात गुन्ह्याचा तपशील आणि समरीची तारीख. मग मुद्देमाल आज कुठे आहे. मग तीन, फार तर चार मागण्या, प्रत्येकीपुढे फाईलमधल्या पानाचा हवाला: अमुक ठसे नाफिसवर टाकावेत, अमुक कपडे डीएनएसाठी पाठवावेत, अमुक साक्षीदाराचा पुन्हा जबाब घ्यावा. ‘पोलिसांनी पैसे खाल्ले’ असं एकही वाक्य लिहू नका, तसं वाटत असलं तरी. ज्याच्या टेबलावर अर्ज जाणार, त्यानं तो तपास केलेला नाही. त्याला तुमच्या बाजूला येऊ द्या.

शहरातला गुन्हा असेल तर अर्ज पोलीस आयुक्तांना, प्रत उपायुक्त गुन्हे आणि ठाण्याला. ग्रामीणचा असेल तर पोलीस अधीक्षकांना, प्रत स्थानिक गुन्हे शाखेला आणि नाशिक परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांना. दर महिन्याच्या क्राईम मीटिंगमध्ये प्रलंबित गुन्ह्यांवर बोलणं होतं. तुमचा अर्ज त्या टिपणात यावा, एवढं साधायचं. नवा अधिकारी आला की पहिल्या दोन-तीन महिन्यांत तो जुन्या फायली मागवतो, ती वेळ चुकवू नका. 2027 च्या सिंहस्थाचा बंदोबस्त लागला की मनुष्यबळ रामकुंड आणि त्र्यंबककडे जाणार, हेही धरून चाला.

तपास उघडला तर प्रगती विचारण्याचा हक्क आहे. नव्या संहितेच्या कलम 193(3) प्रमाणे 90 दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला तपासाची प्रगती कळवायची असते.

तीन महिने वाट बघूनही काहीच हललं नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. आधीच्या अर्जांच्या पोचा आणि प्रतिज्ञापत्र सोबत लागतं. विनुभाई मालवीय विरुद्ध गुजरात राज्य या 2019 च्या निकालानुसार खटला सुरू होईपर्यंत दंडाधिकारी पुढील तपासाचा आदेश देऊ शकतात. आधीचा तपास पुसून नव्यानं तपास हवा असेल, किंवा विशेष पथक, सीबीआय हवं असेल, तर उच्च न्यायालय. नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाखाली येतो, औरंगाबाद खंडपीठाखाली नाही. शेजारच्या जळगाव, धुळ्याच्या नातेवाइकांचं ऐकून लोक चुकीच्या शहरात वकील गाठतात.

केरळमधल्या सिस्टर अभया यांचा मृत्यू 1992 चा. स्थानिक तपासानं आत्महत्या म्हटलं, सीबीआयनं तपास बंद करण्याचे अहवाल दिले, आणि न्यायालयानं ते एकापेक्षा जास्त वेळा नाकारले. डिसेंबर 2020 मध्ये सत्र न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली. 2022 मध्ये उच्च न्यायालयानं अपिलाच्या काळात ती शिक्षा स्थगित केली, म्हणजे लढाई अजून चालूच. दंडाधिकाऱ्यांची एक सही काय करू शकते, ते मात्र त्यात दिसतं.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना, दिव्यांगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तिथेच आणखी एक अर्ज द्या, जो फार कमी लोकांना माहीत आहे. आरोपी सापडलाच नाही आणि खटला झालाच नाही, तरी पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना नुकसानभरपाई मागता येते. जुन्या संहितेचं कलम 357अ(4), नव्याचं 396(4).

तपास उघडल्यावर

संशयिताच्या दारात जाऊ नका. त्याचा फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. साक्षीदारानं तो फोटो आधी पाहिला असेल तर ओळख परेडला काडीचीही किंमत राहत नाही. जुन्या साक्षीदाराला भेटून ‘तुला आठवतंय ना’ असं पढवू नका. उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो. पोलीस काय करत आहेत हे शेजारी, पत्रकार कुणालाच सांगू नका. घरातही एकाच माणसानं पोलिसांशी बोलावं.

वहीत प्रत्येक भेटीची तारीख, अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा, काय ठरलं, हे लिहा. अधिकारी तीन वर्षांत बदलतो, वही बदलत नाही. दर सहा महिन्यांनी स्मरणपत्र. मुद्देमाल जतनाचा अर्ज दर वर्षी नव्यानं द्या, कारण कारकूनही बदलतो.

सिन्नरच्या आजोबांच्या मुलाचा शर्ट रजिस्टरात सापडला. प्रयोगशाळेतून परत आल्याची नोंद आहे, पुढचा रकाना कोरा आहे. जतनाचा अर्ज दिला, पोच मिळाली. परतताना मी त्यांना वहीच्या पहिल्या पानावर एक नाव लिहायला सांगितलं, त्यांच्यानंतर ही वही कुणाकडे जाणार त्याचं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि नातीचं नाव लिहिलं. ती अकरावीला आहे.